बांधावरची वीज

वेळूच्या टोकावर कोयता टेकवून वरून एक ठोका दिला, की वेळू सरळ तळापर्यंत चिरत जातो. तोच वेळू आडवा तोडायचा म्हटले, तर चार घाव घालावे लागतात आणि कोयत्याची धारही बोथटते. वेळू तोच, हात तोच, कोयता तोच. बदलली ती फक्त दिशा. सुताराला, विणकराला, बुरूडकाम करणाऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. लाकडाला अंग असते, कापडाला उभा-आडवा धागा असतो, आणि त्या अंगाने गेले तर काम सोपे होते, हे त्यांच्या हातालाच ठाऊक असते. शास्त्राच्या परिभाषेत असा जो पदार्थ दिशेप्रमाणे निरनिराळा वागतो, त्याला ‘विषमदिक्’ म्हणतात. सगळ्या बाजूंनी सारखाच वागणारा तो ‘समदिक्’.

आता तुम्ही म्हणाल, विजेला कसले आले आहे अंग? विहिरीवरच्या पंपाला जोडलेली तांब्याची तार कशीही वळवा, वीज येते ती येतेच. तांब्यापुरते हे खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती असे काही स्फटिक आले, की त्यांच्या सांध्यावर वीज दिशा पाहून वाहते. एका दिशेने निर्वेध जाते आणि दुसऱ्या दिशेने अडखळते. हे कसे सापडले त्याची ही हकिकत. ती शंभर वर्षांहून अधिक काळाची आहे, आणि तिचा शेवट अजून लिहिला गेलेला नाही.

सुरुवात करू या हॉलंडमधील लायडन गावापासून. तिथे हाइके कामरलिंग ओनेस नावाचे प्राध्यापक होते. थंडी, अधिक थंडी, त्याहून अधिक थंडी हाच त्यांचा ध्यास. १९०८ साली त्यांनी हेलियम वायूचा द्रव करून दाखवला. ती थंडी किती? महाबळेश्वरला पहाटे गवतावरचे दव गोठते, तेव्हा तिथले तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. तिथून आणखी २७३ अंश खाली उतरले, की ज्याच्याखाली जाताच येत नाही असा तळ लागतो. त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात आणि तिथून वर मोजायच्या अंशांना केल्विन. द्रवरूप हेलियम या तळापासून फक्त चार-साडेचार केल्विन वर उकळते. १९११ साली ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा या थंडीत ठेवून त्यातून वीज सोडली, तेव्हा ४.२ केल्विनच्या सुमारास पाऱ्याचा रोध एकदम नाहीसा झाला. रोध म्हणजे विजेला होणारी आडकाठी. ती कमी झाली असे नव्हे, बरं का, मोजता येईना इतकी गेली! या गुणाला अतिसंवाहकता असे नाव आहे. ओनेस यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का होते, याचे उत्तर मिळायला १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी सांगितले, की धातूच्या आतील अणूंच्या थरथरीमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि सगळ्या जोड्या एका तालात चालू लागतात. वारीत पालखीबरोबर पावले पडतात, तेव्हा एकट्यादुकट्याची ठेच समुदायाला थांबवत नाही, तसेच काहीसे. जुन्या धातूंच्या बाबतीत या जोड्या सगळ्या दिशांना जवळजवळ सारख्याच घट्ट मानल्या तरी हिशेब जमत असे. दिशेचा प्रश्न त्यामुळे फारसा कोणी विचारला नाही.

तो प्रश्न पुढे आणला ऑक्साइडांनी. ऑक्साइड म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झालेला धातू. लोखंडाचा गंज हे त्याचे घरचे उदाहरण. गंज, माती, चिनीमाती ही सगळी विजेला अडवणारी मंडळी. १८३९ साली गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन केले आणि रशियातील लेव्ह पेरोव्हस्की यांच्या नावावरून त्याला ‘पेरोव्हस्काइट’ असे नाव दिले. त्याच्यासारखीच घडण असलेली ऑक्साइडे पुढे शेकड्यांनी सापडली. घडण सोपी आहे. एक चौकोनी ठोकळा कल्पा. आठ कोपऱ्यांवर एक धातू, मधोमध दुसरा धातू आणि सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन. असे ठोकळे विटांसारखे रचत गेले की झाला स्फटिक. वीट मात्र इतकी बारीक, की एका सेंटिमीटरात एकापुढे एक अशा सुमारे अडीच कोटी मावतात.

स्ट्राँशियम टिटॅनेट हा यांपैकीच एक. १९५० नंतरच्या वर्षांत तो कारखान्यात बनू लागला, तेव्हा त्याची झळाळी पाहून लोकांनी त्याचे खोटे हिरे करून विकले. १९६४ साली अमेरिकेत असे आढळले, की या ‘खोट्या हिऱ्या’त थोडे इलेक्ट्रॉन भरले आणि तो निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, एक केल्विनच्याही खाली नेला, तर तोही अतिसंवाहक होतो. ऑक्साइड आणि अतिसंवाहक! पण तापमान इतके हलके, की फार थोड्यांनी त्याकडे लक्ष दिले.

लक्ष देणाऱ्यांत झुरिकजवळच्या आय.बी.एम. प्रयोगशाळेतील ॲलेक्स म्यूलर आणि त्यांचे तरुण सहकारी गेओर्ग बेडनोर्त्स हे दोघे होते. त्यांनी १९८६ साली तांब्याच्या एका ऑक्साइडात सुमारे ३० केल्विनला अतिसंवाहकता दाखवली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ मध्येच अशा एका ऑक्साइडाने नव्वदी ओलांडली. नायट्रोजन वायू ७७ केल्विनला द्रव होतो आणि तो हेलियमच्या मानाने पुष्कळ स्वस्त, म्हणून सगळीकडे एकच धावपळ उडाली.

या तांब्याच्या ऑक्साइडांनी दिशेचा धडा पहिल्यांदा जोरात दिला. त्यांच्यात तांबे आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात. वीज थराच्या अंगाने सहज जाते. एका थरातून दुसऱ्या थरात चढायला मात्र शेकडो पटींनी अधिक आडकाठी. एवढेच नाही. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी दाखवले, की थराच्या आतसुद्धा जोड्यांची घट्टाई दिशेप्रमाणे बदलते. चौकटीच्या बाजूंच्या दिशेने ती सर्वांत जास्त आणि कर्णाच्या दिशेने शून्य. १९९५ साली ब्रुकहॅवन येथील प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. काही नमुन्यांत विजेचा भार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. ज्वारीच्या रानात ठरावीक अंतराने तुरीचे तास असावेत, तसे त्याचे पट्टे पडतात. हे पट्टे लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आता येऊ या बांधावर. दोन शेते आहेत, दोन्ही ठणठणीत कोरडी. आणि त्यांच्यामधल्या बांधावरून मात्र पाण्याची धार वाहते आहे असे कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. २००४ साली असेच काहीसे घडले. अकिरा ओटोमो आणि हॅरॉल्ड ह्वांग या दोघांनी स्ट्राँशियम टिटॅनेटच्या स्फटिकावर लँथॅनम ॲल्युमिनेट या दुसऱ्या ऑक्साइडाचे थर चढवले. लेसर किरणांच्या ठोक्यांनी पदार्थाची वाफ करायची आणि ती एकेका विटेच्या जाडीने बसवत जायची, अशी ही कारागिरी. दोन्ही ऑक्साइडे विजेला अडवणारी. पण त्यांच्या सांध्यावर वीज वाहू लागली!

दोन वर्षांनी, २००६ साली, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे योखेन मानहार्ट यांच्या गटाने एक नेमका हिशेब मांडला. वरचे थर तीन असले तर सांधा कोरडा; चौथा थर चढला की वीज वाहते. कारण असे सांगितले जाते. लँथॅनमच्या थरावर धन भार आहे आणि ॲल्युमिनियमच्या थरावर ऋण. मडक्यांची उतरंड उंच होत जाते तसा तळाच्या मडक्यावर भार वाढतो. तसा थर वाढत गेले की विजेचा ताण वाढतो, आणि एका मर्यादेनंतर काही इलेक्ट्रॉन खाली सांध्यावर उतरून तो ताण हलका करतात. काही शास्त्रज्ञांचे म्हणणे मात्र असे, की थर चढवताना निसटलेले ऑक्सिजनचे अणूही इलेक्ट्रॉन मागे सोडून जातात. या दोन बाजूंचा वाद बरीच वर्षे चालला.

२००७ साली जिनिव्हा आणि आउग्सबुर्ग येथील शास्त्रज्ञांनी हाच सांधा ०.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि तो अतिसंवाहक झाल्याचे दाखवले. तो अतिसंवाहक पदर एवढा पातळ, की एका मिलिमीटरात तसे लाखभर पदर एकावर एक मावतील. त्याला लांबी आहे, रुंदी आहे, पण जाडी नसल्यातच जमा. म्हणून त्याला द्विमितीय म्हणतात. पुढच्याच वर्षी बाहेरून विजेचा दाब कमीजास्त करून ही अतिसंवाहकता चालू-बंदही करून दाखवण्यात आली. या कामात आपल्या देशाचाही हात लागलेला आहे. २०१० साली लँथॅनम टिटॅनेट आणि स्ट्राँशियम टिटॅनेट यांच्या सांध्यावरील अतिसंवाहकता प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात पॅरिसच्या शास्त्रज्ञांबरोबर कानपूरच्या आय.आय.टी.तील रमेशचंद्र बुधानी यांचा गट होता.

इथे दिशेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. सांध्यावर उभी वीज सोडली तर एक रोध, आडवी सोडली तर दुसरा रोध, असे अनुभव येऊ लागले. पण हा स्फटिकाचा खरा स्वभाव की त्याच्या अंगावरचा दोष? शंका रास्त होती. स्फटिक कापला की त्याच्या पृष्ठावर डोंगरातल्या खाचरांसारख्या बारीक पायऱ्या पडतात. पायरीच्या अंगाने वीज सहज जाईल, पायऱ्या ओलांडताना अडखळेल. दुसरी गोष्ट अशी, की स्ट्राँशियम टिटॅनेट १०५ केल्विनच्या खाली गेला की त्याचे ठोकळे किंचित लांबट होतात. कुठे एका दिशेने, कुठे दुसऱ्या. मग स्फटिकात वेगवेगळ्या वाफ्यांसारखे भाग पडतात. २०१३ साली चुंबकत्व टिपणाऱ्या अतिसूक्ष्म उपकरणांनी सांध्याचे निरीक्षण केले, तेव्हा वीज या वाफ्यांच्या कडांना धरून अरुंद वाटांनी जास्त वाहताना दिसली. म्हणजे दिशा दिसते खरी, पण ती नांगरलेल्या जमिनीची की वाहत्या पाण्याची, हे सांगणे कठीण. २०१७-१८ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्ट्राँशियम टिटॅनेटच्या वेगळ्या कापावर मोजणी झाली. तिथे साध्या वहनात आणि अतिसंवाहकतेतही दिशेप्रमाणे फरक आढळला. शंका मात्र पुरती फिटली नाही.

ती फिटण्यासाठी असा स्फटिक हवा होता, जो थंडीत आकार बदलत नाही. तो होता. पोटॅशियम टँटॅलेट त्याचे नाव. घडण तीच, पण शेवटपर्यंत त्याचा ठोकळा चौकोनीच राहतो. या स्फटिकाची तोपर्यंतची कीर्ती मात्र फारशी चांगली नव्हती. त्याला अतिसंवाहक करण्याचे जुने प्रयत्न फसले होते. २०११ साली जपानमध्ये विजेच्या दाबाने त्याच्या पृष्ठावर इलेक्ट्रॉन गोळा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ०.०५ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. इतक्या थोडक्यासाठी कोण एवढी खटपट करणार?

पण २०२१ साली शिकागोजवळच्याच आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत चांगज्यांग लिउ, आनंद भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी तोच स्फटिक वेगळ्या अंगाने कापला.

हे समजण्यासाठी शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक बटाटा न्यावा. त्याचा चौकोनी ठोकळा करावा. ठोकळ्याच्या बाजूला समांतर चकती काढली तर चौरस मिळतो. एक कड तिरपी छाटली तर आयत मिळतो. आणि एक कोपरा सारखा उडवला तर त्रिकोण. ठोकळा एकच, पण सुरीने उघडे केलेले तोंड तीन तऱ्हांचे. शास्त्रज्ञ नेहमी चौरस तोंडावर काम करीत, कारण ते सर्वांत सोयीचे. आर्गॉनच्या मंडळींनी त्रिकोणी तोंड घेतले, त्यावर युरोपियम ऑक्साइडाचा किंवा लँथॅनम ॲल्युमिनेटचा थर चढवला आणि थंड केले. सांधा २.२ केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहिला! दहा वर्षांपूर्वीच्या जपानी आकड्याच्या चाळीस पटींहून हे अधिक. चौरस तोंडावर तसाच सांधा केला, तर ०.०२५ केल्विनपर्यंत उतरूनही अतिसंवाहकतेचा पत्ता नाही. त्याच वर्षी चीनमधील हांगचौ येथे यानवू श्ये यांच्या गटाने आयताकृती तोंड तपासले. तिथे आकडा निघाला सुमारे ०.९ केल्विन. चौरसाला काहीच नाही, आयताला पाऊण-एक, त्रिकोणाला दोनाहून अधिक. पदार्थ एकच!

असे का व्हावे? आर्गॉनच्या गटाने २०२३ साली एक उपपत्ती मांडली. टँटॅलमच्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांना राहायला पाकळ्यांच्या आकाराच्या तीन जागा असतात, एकमेकींशी काटकोनात. चौरस तोंडावर त्यांपैकी एकीलाच सोयीची बैठक मिळते, आयतावर दोघींना, आणि त्रिकोणावर तिघी सारख्या पंगतीला बसतात. अणूंच्या एका विशिष्ट थरथरीमुळे इलेक्ट्रॉन एका जागेतून दुसऱ्या जागेत उडी मारू शकतात आणि त्यातून त्यांच्या जोड्या जुळतात. जितक्या जागा बरोबरीच्या, तितक्या जोड्या घट्ट. आकड्यांशी हे जुळते; पण उपपत्तीची परीक्षा अजून चालू आहे.

याहून नवलाची गोष्ट त्रिकोणी तोंडाच्या आत दिसली. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या. म्हणून भूमितीचा कौल असा, की अशा जाळीवर विजेचा रोध सगळ्या दिशांना सारखाच यायला हवा. पण युरोपियम ऑक्साइड चढवलेल्या सांध्यावर, एका बाजूला समांतर आणि त्या बाजूला लंब अशा दोन दिशांनी मोजले, तेव्हा अतिसंवाहक होण्याच्या थोडे आधी दोन्ही रोध एकमेकांपासून आपोआप फुटले. तीन सारख्या बाजू समोर असताना इलेक्ट्रॉनांनी एकीचीच निवड केली. चुंबकाच्या जोराने अतिसंवाहकता मोडायला आली तेव्हाही हाच फरक पुन्हा दिसला. पायऱ्यांचा दोष असता, तर तो कमीजास्त थंडीत सारखाच दिसला असता. म्हणून संशोधकांनी सुचवले, की इथेही इलेक्ट्रॉनांचे पट्टे पडत असावेत. ज्वारीतल्या तुरीच्या तासांसारखे. पट्ट्याच्या अंगाने वाट मोकळी, पट्टे ओलांडताना अडथळा.

युरोपियम ऑक्साइड स्वतः थंडीत चुंबक होतो. मग हे पट्टे त्या चुंबकत्वाचे देणे की काय? २०२४ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी आयताकृती तोंडावर याच दिशेने पुरावा दिला. इलेक्ट्रॉन थोडे असले आणि चुंबकाचा शेजार त्यांना चांगला जाणवला, तर दोन दिशांना अतिसंवाहकता वेगवेगळ्या तापमानाला सुरू होते. उलट, चुंबक नसलेल्या लँथॅनम ॲल्युमिनेटच्या सांध्यावरही दिशेची समता मोडल्याचे २०२३ च्या एका प्रयोगात आढळले. आपल्या मोहालीच्या नॅनो विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतही २०२० साली लँथॅनम व्हॅनेडेट आणि पोटॅशियम टँटॅलेट यांच्या सांध्यावर, अतिसंवाहक नसलेल्या स्थितीत, चुंबकाच्या दिशेप्रमाणे रोध कसा बदलतो याची मोजणी झाली आहे. एवढ्या सगळ्या साक्षी झाल्या, तरी निकाल लागलेला नाही.

याचा आपल्याला उपयोग काय, असे कोणीही विचारील, आणि ते विचारणे योग्यच आहे. या सांध्यांतून गावोगाव वीज नेता येणार नाही. दोन केल्विनची थंडी राखायला जो खर्च येतो, तो तारांतल्या गळतीपेक्षा कितीतरी मोठा. उपयोग झाला तर तो अतिसूक्ष्म उपकरणांत होईल. जिथे विजेचा दाब देऊन अतिसंवाहकता चालू-बंद करता येते आणि वाटही ठरवता येते. त्याहून मोठे मोल ज्ञानाचे आहे. तांब्याच्या ऑक्साइडांत इतक्या वरच्या तापमानाला जोड्या का जुळतात, याचे सर्वमान्य उत्तर १९८६ पासून मिळालेले नाही. पट्टे जोड्यांना मदत करतात की त्यांच्या वाटेत येतात, हा त्यातलाच प्रश्न. सांध्यावर तो प्रश्न स्वच्छ आणि लहान रूपात हाताशी येतो. ते उत्तर सापडले, तर सोयीच्या तापमानाचे अतिसंवाहक शोधण्याला काही दिशा मिळेल.

वर्गात बटाटा कापून झाला, की मुलांना हेही सांगावे. पोटॅशियम टँटॅलेट नवा नव्हता. तो कपाटात होता, त्याची परीक्षा झाली होती आणि त्याला गुणही कमी पडले होते. पण ती परीक्षा एकाच तोंडाची होती. बटाट्याचे तिन्ही काप फळ्याजवळ मांडून ठेवावेत, आणि कोणत्या तुकड्यावर काय निघाले ते मुलांकडूनच त्यांच्याखाली लिहून घ्यावे. चौरसाखाली शून्य, आयताखाली ०.९, त्रिकोणाखाली २.२.